उड्डाण-चाचणीत नवी टेलिमेट्री आणताना: टप्प्याटप्प्याने धोका कसा आवरायचा

फ्लटरची, म्हणजे ठरावीक वेगापुढे पंख धोकादायकरीत्या थरथरू लागतो का याची, चाचणी चालू आहे. विमान ठरलेल्या वेगाला पोचलंय, वैमानिकाने स्टिकला छोटा झटका दिलाय, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेली इंजिनिअर पंखाच्या टोकाच्या कंपनाची रेष बघते आहे. रेष थरथरली आणि सपाट झाली. कंपन विरलं, म्हणजे पुढच्या वेगाला जायला हरकत नाही. पण रेष सपाट झाली ती कंपन विरलं म्हणून, की जमिनीवरच्या रिसीव्हरचा सिंक (येणाऱ्या डेटाशी जुळलेला ताल) सुटला आणि पडद्याने शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला म्हणून?

टेलिमेट्री, म्हणजे विमानातल्या सेन्सरचे आकडे रेडिओने जमिनीवर आणणारी यंत्रणा, पूर्ण तुटली तर ते सगळ्यांना कळतं. टेस्ट कंडक्टर चाचणी थांबवतो, वैमानिक वेग कमी करतो, फार तर एक उड्डाण वाया जातं. घात करतो तो बरोबर दिसणारा चुकीचा आकडा. नवं तंत्रज्ञान आणताना बहुतेक टीम सगळी ताकद लिंक (रेडिओ-जोडणी) किती टिकते आणि किती बिट गळतात यावर लावतात. ते मोजायला सोपं असतं, म्हणून तसं होतं. या लेखात मी चुकीच्या आकड्याच्या धोक्याला पहिलं स्थान दिलं आहे आणि पायऱ्याही त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी, बदल नेमका कशात आहे?

उड्डाण-चाचणीच्या टेलिमेट्रीचं जगभर मानलं जाणारं मानक म्हणजे अमेरिकेच्या रेंज कमांडर्स कौन्सिलचं आयरिग १०६. त्यातली पीसीएम-एफएम ही जुनी पद्धत अनेक दशकं चालत आली आहे. दणकट आहे, सिंक सुटला तर पटकन परत मिळतो, पण रेडिओ-पट्ट्यातली जागा फार खाते. सेकंदाला ५ मेगाबिट पाठवायचे तर तिला सुमारे ५.८ मेगाहर्ट्झ लागतात. एसओक्यूपीएसके-टीजी या नव्या मॉड्युलेशनला (डेटा रेडिओ लहरीवर चढवण्याच्या पद्धतीला) तेवढ्याच डेटासाठी सुमारे ३.९ आणि एआरटीएम-सीपीएमला २.८ मेगाहर्ट्झ पुरतात. विमानावरच्या सेन्सरची संख्या वाढत चालली आहे, आणि दुसरीकडून मोबाइल सेवा स्पेक्ट्रमवर दावा सांगतात. त्यामुळे हा बदल टाळता येत नाही. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ५०९१ ते ५१५० मेगाहर्ट्झचा पट्टा विमान-टेलिमेट्रीला दिला तोही याच ओढाताणीतून.

म्हणजे 'नवी टेलिमेट्री' या एका नावाखाली तीन वेगळे बदल येतात: मॉड्युलेशन बदलणं, एस-बँडमधून (इथे सुमारे २.२५ गिगाहर्ट्झ) सी-बँडमध्ये (सुमारे ५.१ गिगाहर्ट्झ) जाणं, आणि एकेरी प्रवाहाऐवजी दुहेरी नेटवर्क आणणं. अमेरिकेत आयनेट प्रकल्पातून पुढे आलेलं हे नेटवर्क आयरिग १०६ च्या २०१७ च्या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरणांच्या रूपाने आलं. तिन्ही बदलांचे धोके वेगळे आहेत. शक्य असेल तर तिन्ही एकाच वेळी आणू नका. वेळापत्रक तसा आग्रह धरतं, आणि मग काही बिघडलं की नेमकं कशामुळे बिघडलं ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

पायरी १: पॅरामीटरची वर्गवारी

कामाची सुरुवात रेडिओपासून करू नका, यादीपासून करा. विमानावरून येणाऱ्या हजारो पॅरामीटरपैकी (मोजल्या जाणाऱ्या राशींपैकी) उड्डाण चालू असताना सुरक्षेचा निर्णय ज्यांच्यावर घेतला जातो ते कोणते? फ्लटरच्या उड्डाणात कंपनं, स्टॉलच्या (पंखाची उचल सुटण्याच्या) उड्डाणात अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरची हवा यांतला कोन), इंजिनच्या चाचणीत तापमान आणि फेरे. दुसऱ्या गटात, जे नसतील तर टेस्ट पॉइंट (चाचणीतली एक ठरलेली स्थिती) फुकट जाईल पण विमानाला धोका नाही असे. उरलेले सगळे नंतरच्या विश्लेषणाचे. ते रेकॉर्डरवर आले की पुरे.

पहिला गट बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा लहान निघतो. नव्या लिंकवरून तो गट सर्वांत शेवटी न्यायचा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. टेस्ट कार्डवर (त्या उड्डाणात काय करायचं याच्या लेखी यादीवर) त्या गटातल्या प्रत्येक पॅरामीटरपुढे एक ओळ लिहा: हा दिसेनासा झाला तर वैमानिकाने काय करायचं. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो पॅरामीटर पहिल्या गटात आहे की नाही याचाच पुन्हा विचार करावा लागेल.

पायरी २: प्रत्येक बिघाडाला एकच प्रश्न

धोक्यांचा तक्ता करताना शक्यता आणि तीव्रता हे दोन रकाने सगळेच भरतात. तिसरा घाला: हा बिघाड कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला दिसेल का, आणि किती सेकंदांत?

मग यादीचा चेहरा बदलतो. सिग्नल गेला, तर दिसतं. आकडा गोठला, तर पडदा तसा बनवला असेल तरच दिसतं. आकडा उशिरा आला, तर जवळपास कधीच दिसत नाही. एलडीपीसीसारखं त्रुटी-दुरुस्ती कोडिंग पूर्ण ब्लॉक हाती आल्याशिवाय उलगडत नाही, म्हणून थोडा उशीर ठरलेलाच. तो स्थिर असतो, मोजून हिशेबात धरता येतो. नेटवर्कवरच्या पॅकेटचा उशीर मात्र गर्दीप्रमाणे कमीजास्त होतो. अशा वेळी दोन पॅरामीटर एकाच पडद्यावर शेजारी दिसतात, पण ते वेगवेगळ्या क्षणांचे असतात. कॅलिब्रेशनचा गुणांक (सेन्सरच्या सिग्नलचं खऱ्या मापात रूपांतर करणारा) चुकला, तर आकडा विश्वसनीय वाटेल असाच दिसतो. डावा आणि उजवा सेन्सर अदलाबदल झाले, तर तेही सरळ उड्डाणात कळणार नाही.

यावरचा पहिला उपाय पडद्यावरच करायचा. प्रत्येक सुरक्षा-पॅरामीटरसोबत त्याचं वय दिसू द्या. ठरावीक मर्यादेपेक्षा जुना झाला की आकडा पुसला जावा, नुसता करडा होऊ नये. करड्या आकड्यावरही माणूस विश्वास ठेवतो. सॉफ्टवेअर पुरवणारा 'शेवटचा चांगला आकडा धरून ठेवा' हे सेटिंग मूळचंच चालू ठेवून देऊ शकतो. ते शोधून बंद करणं हे या टप्प्यावरचं ठोस काम.

पायरी ३: कागदावरचा लिंक-हिशेब, पण विमान वळवून

सरळ उडणाऱ्या विमानाचा लिंक-हिशेब (सिग्नल जमिनीवर किती ताकदीने पोचेल याचा) कोणीही करतं. सी-बँडमध्ये गेलात की २.२५ गिगाहर्ट्झच्या तुलनेत ५.१२ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतला क्षय सुमारे ७ डेसिबलने वाढतो. जमिनीवरची तीच डिश ठेवली तर तिचा गेनही (सिग्नल एकवटण्याची ताकद) तेवढाच वाढतो, म्हणून कागदावर सगळं जुळतं. पण त्याची किंमत बीमच्या रुंदीत मोजावी लागते. २.४ मीटरच्या डिशचा बीम एस-बँडला साधारण ३.९ अंश असतो, सी-बँडला १.७. १० किलोमीटरवर हा बीम जेमतेम ३०० मीटर रुंद. सेकंदाला २५० मीटर जाणारं विमान डिश न हलल्यास तो सव्वा सेकंदात ओलांडतं. म्हणून सी-बँडचा खरा प्रश्न ट्रॅकिंगचा आहे. जुन्या पेडेस्टलचे (डिश फिरवणाऱ्या बैठकीचे) गिअर, सर्वो आणि सिग्नल हरवल्यावर पुन्हा शोधण्याची पद्धत या सगळ्यांची परीक्षा त्यात होते. विमानातल्या केबलमधला क्षयही वाढतो, तो विसरू नका.

विमानाला सहसा दोन अँटेना असतात, एक वर, एक पोटाखाली. दोन्हींतून तोच सिग्नल गेला की काही दिशांना लहरी एकमेकींना मारतात आणि विमान वळलं की सिग्नल धपकन पडतो. नव्या मॉड्युलेशनसोबत हा जुना त्रास जास्त जाणवतो, कारण सिंक परत मिळवायला त्यांना जास्त वेळ लागू शकतो; एआरटीएम-सीपीएमच्या बाबतीत तर हे विशेष. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात यावर स्पेस-टाइम कोडिंगचं काम झालं: दोन अँटेनांतून वेगवेगळ्या तऱ्हेने गुंफलेले सिग्नल पाठवायचे आणि जमिनीवर ते वेगळे करायचे. ते आता मानकात आहे. तुम्ही ते घेणार असाल तर ट्रान्समीटर आणि डिमॉड्युलेटर (जमिनीवर लहरीतून डेटा परत काढणारा) दोन्ही बदलावे लागतील. त्यामुळे दुसऱ्या रेंजवर (चाचणी-क्षेत्रावर) जाऊन चाचणी करायची असेल, तर तिथल्या ग्राउंड स्टेशनला ते वाचता येतं का हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

हिशेब करताना चाचणीतले खरे आकार घ्या: ६० अंशांचं बँक (एका अंगाला कलणं), उलटं उड्डाण, रेंजच्या कडेला कमी उंची. मार्जिन (सिग्नलची शिल्लक) तिथे मोजा. आणि फ्रिक्वेन्सीची परवानगी याच सुमारास मागायला घ्या. भारतात ते काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून होतं. नवा बँड असेल तर अर्ज शेवटच्या क्षणावर ठेवू नका.

पायरी ४: टेबलावर मोडून बघा

प्रयोगशाळेत सगळं नीट चालतंय हे दाखवण्यात वेळ घालवू नका, ते चालणारच. मुद्दाम बिघडवा आणि कंट्रोल रूमच्या खऱ्या पडद्यावर काय दिसतं ते बघा. रिसीव्हरमध्ये नॉइज सोडा. सिंक जाईल इतका सिग्नल घटवा आणि मग हळूहळू वाढवा, म्हणजे अर्धवट सिंकची अवस्था सापडेल. सर्वांत वाईट आकडे त्याच अवस्थेत येतात. जीपीएसवरून येणारी वेळ तोडा. एक पॅकेट उशिरा, एक दोनदा, एक उलट्या क्रमाने पाठवा. जुनी कॅलिब्रेशन फाइल मुद्दाम लोड करा आणि यंत्रणा ओरडते का बघा. ओरडत नसेल तर विमान आणि जमीन या दोन्ही टोकांच्या फाइलचं चेकसम (फाइल तीच आहे हे दाखवणारा आकडा) जुळल्याशिवाय पडदा सुरूच होणार नाही, अशी सोय करून घ्या.

या टप्प्यावर सापडलेला प्रत्येक दोष स्वस्तात सुटतो. म्हणून व्यवस्थापनाकडे कशासाठी भांडायचं असेल तर या टप्प्यातल्या आठवड्यांसाठी भांडा.

पायरी ५: विमानात बसवताना

चाचणी-यंत्रणेची वायरिंग नारिंगी रंगाची असते ती उगाच नाही. विमानाची स्वतःची वायर आणि चाचणीसाठी आलेली वायर नजरेने वेगळी कळावी आणि चाचणी संपल्यावर ती काढता यावी यासाठी. तोच विचार आत खोलवर न्या. नव्या यंत्रणेतला कुठलाही बिघाड, शॉर्ट असो वा सॉफ्टवेअर अडकणं असो, विमानाच्या यंत्रणेत शिरता कामा नये. १५५३ बसवरून (विमानाच्या यंत्रणांना जोडणाऱ्या प्रमाणित डेटा-तारेवरून) डेटा घ्यायचा तर फक्त ऐकणारं उपकरण लावा, ज्याला त्या बसवर बोलताच येत नाही असं. वैमानिकाच्या हाताशी सगळ्या इन्स्ट्रुमेंटेशनची (चाचणीच्या मोजमाप-यंत्रणेची) वीज तोडणारा एकच मास्टर स्विच हवा, आणि तो पाडल्यावर उड्डाणाला आवश्यक असं काहीही बंद पडत नाही हे जमिनीवर पाडून तपासा.

ट्रान्समीटर पूर्ण ताकदीवर चालवून ईएमसी चाचणी (एका यंत्रणेच्या लहरी दुसरीला बिघडवत नाहीत ना याची) करा. एल-बँड टेलिमेट्रीचा पट्टा १४३५ ते १५२५ मेगाहर्ट्झ, आणि जीपीएसची एल-१ फ्रिक्वेन्सी १५७५.४२, शेजार इतका जवळचा आहे. इजेक्शन सीटच्या आणि स्टोअर (विमानाखाली टांगलेली शस्त्रं, टाक्या) सोडण्याच्या काडतुसांवर रेडिओ ऊर्जेचा परिणाम होत नाही ना, हे त्या विभागाच्या लेखी सहीशिवाय गृहीत धरू नका.

दुहेरी नेटवर्क असेल तर इथे थांबून नीट विचार करा. आजवर टेलिमेट्री फक्त खाली येत होती. आता जमिनीवरून विमानातल्या यंत्रणेला सूचना जाणार: रेकॉर्डरमधला गळलेला तुकडा परत पाठव, हा पॅरामीटर जास्त वेगाने पाठव. सोय मोठी आहे. गळलेल्या डेटासाठी उड्डाण पुन्हा करावं लागत नाही. पण वर जाणारा रस्ता उघडला की त्याच्या टोकाला काय आहे हे सांगता आलं पाहिजे. तो रस्ता इन्स्ट्रुमेंटेशनच्या हद्दीतच संपतो, उड्डाण-नियंत्रणापर्यंत त्याला वाटच नाही, हे तारांच्या पातळीवर खरं असायला हवं. सॉफ्टवेअरच्या परवानग्यांवर हे सोपवू नका. आणि टेस्ट पॉइंट चालू असताना वरची कुठलीही सूचना स्वीकारली जाणार नाही असं कुलूप ठेवा.

पायरी ६: टिचकी

सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी. हँगरमध्ये एक तंत्रज्ञ डाव्या पंखाच्या टोकाशी उभा राहतो. जागेचं नाव न घेता रेडिओवर फक्त "टिचकी" म्हणतो आणि अ‍ॅक्सेलेरोमीटरच्या (कंपन मोजणाऱ्या सेन्सरच्या) शेजारी बोटाने टिचकी मारतो. कंट्रोल रूममधला माणूस रेष बघून सांगतो, "दिसली, डावं टोक, पुढची, आधी वर." मग मागची कड, मग उजवा पंख, मग शेपटी. तंत्रज्ञाच्या हातात यादी, समोरच्याच्या हातात नसावी, म्हणजे तो अपेक्षेने उत्तर देणार नाही.

एका टिचकीत चार गोष्टी तपासल्या जातात: सेन्सर जिवंत आहे, नाव बरोबर आहे, दिशा बरोबर आहे, आणि बोटाचा आवाज रेडिओवर ऐकू आल्यापासून रेष हलायला किती वेळ लागला. कंट्रोल सरफेस (पंख-शेपटीच्या हलत्या फळ्या) हाताने कोन मोजून हलवा, पिटोला (हवेच्या दाबावरून वेग सांगणाऱ्या नळीला) टेस्ट सेटने दाब द्या, तापमानाच्या सेन्सरला गरम हवा द्या. मधल्या कुठल्यातरी बॉक्समधून बनावट सिग्नल सोडून केलेली तपासणी ही याची जागा घेऊ शकत नाही, कारण चूक बहुतेक वेळा त्या बॉक्सच्या अलीकडे असते.

पायरी ७: ओळखीच्या विमानावर पहिलं उड्डाण

नवं विमान आणि नवी टेलिमेट्री यांची पहिली भेट एकाच दिवशी नको. नवी यंत्रणा आधी अशा विमानावर उडवा ज्याचा स्वभाव पाठ आहे. अमेरिकेत एडवर्ड्स तळावर नव्या रेडिओ तंत्रांच्या चाचण्यांसाठी सी-१२ हे दोन इंजिनांचं साधं विमान वापरलं गेलं आहे. त्यात मागे इंजिनिअर बसू शकतो, सेटिंग बदलू शकतो, आणि लिंक गेली तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही. मर्यादा एवढीच की असं विमान सौम्य वळतं. अँटेना धडाआड जाणं, वेगाने डोक्यावरून जाणं, हे त्यात येत नाही. म्हणून दुसरा टप्पा एखाद्या जेट ट्रेनरवर करा आणि मगच प्रोटोटाइपकडे वळा. ड्रोन बनवणाऱ्या पुण्या-मुंबईकडच्या छोट्या टीमनीही हेच करावं: नवा रेडिओ आधी शंभरदा उडालेल्या जुन्या फ्रेमवर, आणि लिंक तुटल्यावर ड्रोन घरी परत येतो हे आधी जमिनीवर तपासून.

पायरी ८: जुनी आणि नवी शेजारी शेजारी

नवा पूल बांधून झाला म्हणून त्याच दिवशी जुन्या पुलावरची वाहतूक कोणी बंद करत नाही. प्रोटोटाइपवर दोन्ही लिंक एकत्र चालू ठेवा, आणि तिसरा साक्षीदार म्हणून विमानातला रेकॉर्डर. निर्णय जुन्या लिंकवर घ्यायचे. नवीचा पडदा वेगळ्या खोलीत, म्हणजे सुरक्षा पाहणाऱ्याची नजर दोन आकड्यांमध्ये अडकणार नाही. उड्डाणानंतर तिघांचा डेटा वेळेनुसार लावून तुलना करा.

इथे शिस्त एकच: प्रत्येक फरकाला कारण सापडलंच पाहिजे. 'एकदाच झालं, परत दिसलं नाही' हे कारण नाही. २ एप्रिल २०११ ला न्यू मेक्सिकोत रॉसवेल इथे गल्फस्ट्रीम जी-६५० च्या टेकऑफ चाचणीत चौघे दगावले. आधीच्या दोन उड्डाणांत विमान आपोआप एका अंगाला कललं होतं. त्या घटनांचा तळ नीट शोधला गेला नाही आणि वेळापत्रकाचा रेटा होता, असं तिथल्या अपघात-तपास मंडळाने नोंदवलं. ती चूक टेलिमेट्रीची नव्हती, आकडे हातात होते. समांतर चालवण्याच्या काळात तुमच्या हातातही असेच आकडे येतील.

समांतर काळ कधी संपवायचा हे सुरू करण्याआधी लिहून ठेवा, उड्डाणांच्या संख्येत नव्हे तर अवस्थांच्या यादीत: कोणती वळणं, कोणतं अंतर, कोणत्या दिशा. सगळ्या अवस्थांत सुरक्षा-पॅरामीटरमध्ये न उलगडलेला एकही फरक उरला नाही, की मगच बदल.

पायरी ९: माणसं

१९ जानेवारी १९९५ ला एडवर्ड्सजवळ एक्स-३१ हे संशोधन विमान कोसळलं. पिटोची नळी बदलून बर्फ जास्त सहज धरणारी कील नळी बसवली होती, आणि तिला गरम करणारं कनेक्शन जोडलेलं नव्हतं. बर्फाने वेगाचा आकडा चुकला, उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकाने त्या आकड्यावर विश्वास ठेवला. वैमानिक बाहेर पडून वाचला. कंट्रोल रूममध्ये वेगाच्या आकड्यातली विसंगती दिसली होती, हीटर जोडलेला नाही हेही तिथे काहींना ठाऊक होतं. ते वैमानिकापर्यंत वेळेत पोचलं नाही. चेस विमानाला (सोबत उडून नजर ठेवणाऱ्या) हॉट माइकवरचं, म्हणजे वैमानिकाच्या सतत चालू माइकवरचं, बोलणं ऐकूच येत नव्हतं.

नवी टेलिमेट्री आणताना दोन गोष्टी यातून थेट घ्या. विमानावर बदललेली प्रत्येक वस्तू, कितीही किरकोळ, वैमानिकाच्या ब्रीफिंगमध्ये वैमानिकाला तोंडी सांगायची. फक्त फाइलमध्ये नोंदवून भागत नाही. आणि आकड्यावर शंका आली की बोलायचे शब्द आधी ठरवायचे. 'थोडं विचित्र दिसतंय' असं कोणी म्हणू नये. 'डेटा संशयास्पद, थांबा' असा एकच ठरलेला कॉल हवा, तो कंट्रोल रूममधल्या सर्वांत कनिष्ठ माणसालाही देता यावा, आणि चुकीचा निघाला तरी त्याला बोल लागू नये.

तालीम घ्या. जुन्या उड्डाणाचा रेकॉर्ड केलेला डेटा पडद्यांवर सोडा आणि न सांगता त्यात आकडा गोठवा, दोन सेकंद उशीर घाला, डावं-उजवं बदला. कोणी किती वेळात ओळखलं ते नोंदवा. पायरी २ च्या तक्त्यातला तिसरा रकाना या तालमीतूनच खरा भरला जातो.

पायरी १०: बदल, आणि त्यानंतर

बदलाच्या दिवशी नवी लिंक प्रमुख होते, जुनी राखीव. काही काळ ती विमानात राहू द्या. उड्डाणाच्या सकाळी कुठलीही सेटअप फाइल बदलायची नाही. बदलावीच लागली तर टिचकीपासून पुन्हा सुरुवात, आणि वेळ नसेल तर उड्डाण उद्या.

जुना ट्रान्समीटर शेवटी काढाल तेव्हा त्यालाही बदलच समजा: वजन आणि तोल पुन्हा, ईएमसी पुन्हा, रिकाम्या कनेक्टरला टोपी. आणि जुन्या फॉरमॅटचा डेटा उलगडणारी एक मशीन, तिच्या कॅलिब्रेशन फाइल्ससकट, एका माणसाच्या नावावर जबाबदारी टाकून चालू ठेवा. एखाद्या भेगेबद्दल किंवा कंपनाबद्दल प्रश्न येतो तो अनेकदा उड्डाणानंतर काही वर्षांनी.